जगाचा इतिहास : ६० तासिकांत कुठल्या प्रदेशाला किती जागा द्यायची?

पाटीपुस्तक

पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ‘जगाचा इतिहास’ हा एका सत्राचा विषय आखायचा आहे. १५ आठवडे, आठवड्याला ४, म्हणजे ५० मिनिटांच्या ६० तासिका. माध्यम मराठी. वर्गातली बरीच मुलं पुढे स्पर्धा परीक्षांना बसणारी आहेत.

सध्याची आखणी १५०० ते १९६० अशी आहे. घटकवार मोजलं तर युरोप ३४, आशिया १४ (त्यातल्या ९ चीन-जपानच्या), अमेरिका खंड ६, आफ्रिका ५ आणि ऑस्ट्रेलिया-पॅसिफिक मिळून १. भारतासाठी वेगळा पेपर आहे, म्हणून तो यात धरलेला नाही.

हा तोल ढळलेला आहे हे दिसतंच आहे. पण प्रत्येक खंडाला १२-१२ तासिका वाटून दिल्या तर विषयाचे पाच तुकडे होतील आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसणार नाही अशी भीती वाटते. कालक्रम सांभाळून प्रदेशांचा तोल कसा साधायचा? आणि युरोपातलं नेमकं काय कमी करायचं? तपशिलात सांगितलंत तर उपयोग होईल.

कालरेषा

तासिका मोजण्याआधी एक काम करा. प्रत्येक तासिकेचं सार एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यातल्या कर्त्याखाली रेघ मारा. ‘पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घातला’, ‘स्पेनने मेक्सिको जिंकला’, ‘युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेतली’. या तिन्ही तासिका तुमच्या हिशेबात आफ्रिका आणि अमेरिकेच्या खात्यात असतील, पण कर्ता युरोपच आहे. अशी रेघ मारून पुन्हा मोजलंत तर आफ्रिकेच्या ५ पैकी एखादीच उरेल. खरी तूट इथे आहे, आणि नुसत्या तासिका वाढवून ती भरून निघत नाही.

या तुटीचं मूळ सुरुवातीच्या वर्षात आहे. १५०० ला पडदा उघडला की अमेरिका रंगमंचावर येते ती जिंकली जाण्यासाठी आणि आफ्रिका येते ती गुलाम म्हणून नेली जाण्यासाठी. त्याआधी तिथे काय होतं हे मुलांना माहीतच नसतं, त्यामुळे काय मोडलं हेही कळत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाने (शालेय मुलांच्या परीक्षा घेणारी संस्था) २०१८ मध्ये आपला जगाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम १४५० पासून सुरू करायचं जाहीर केलं, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी नेमका हाच आक्षेप घेतला आणि बोर्डाला १२०० पर्यंत मागे यावं लागलं.

तुम्ही १३२५ पासून सुरुवात करा. हे वर्ष फार सोयीचं आहे. मालीचा राजा मनसा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबलेला आहे. मोरोक्कोतल्या टँजियरहून प्रवासी इब्न बतूता १३२५ मध्ये निघतो. त्याच वर्षी दिल्लीत मुहम्मद बिन तुघलक गादीवर येतो. मेक्सिकोच्या सरोवरात तेनोच्तित्लान वसल्याचं परंपरेने मानलेलं वर्षही १३२५ च. चीनमध्ये युआन घराण्याच्या कागदी नोटा चालतात, व्होल्गाच्या काठी उझबेग खान राज्य करतो, जावामध्ये मजापहित उभं राहतंय, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किल्वा हे बंदर भरात आहे आणि आतल्या पठारावर ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती आहेत. या घटकाला ८ तासिका द्या. युरोप त्यात एकाच तासिकेत येईल, आणि त्या काळच्या जगात त्याचं वजन साधारण तेवढंच होतं.

यात बिघडतं कुठे? आठ तासिकांत आठ ठिकाणं दाखवली की त्याची सहल होते. म्हणून प्रत्येक ठिकाणी तेच चार प्रश्न विचारायचे: लोकांचं पोट कशावर भरतं, कर कशात आणि कोण गोळा करतं, बाहेरून काय येतं आणि काय जातं, सत्ताधाऱ्याचा शब्द लोक का मानतात. एका मोठ्या कागदावर आठ ओळी आणि चार रकाने आखून तो सत्रभर वर्गात लावून ठेवा. पुढे १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं की मुलांना त्याच ओळीकडे परत न्यायचं.

साधनवाचनासाठी कैरोचा उतारा उत्तम. मनसा मुसाच्या भेटीनंतर सुमारे १२ वर्षांनी अल्-उमरी या अरब लेखकाने लिहून ठेवलंय की आधी सोन्याचा एक मिस्काल (वजनाचं माप) २५ दिरहमच्या (चांदीची नाणी) खाली जात नसे, त्या वर्षापासून तो २२ वर किंवा त्याहूनही खाली आला, आणि अजून वर चढलेला नाही. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘सोनं स्वस्त झालं म्हणजे कैरोतल्या कुणाचं नुकसान झालं आणि कुणाचा फायदा?’ दहा मिनिटांत माली हा परीकथेतला देश राहत नाही, बाजारभाव हलवणारा देश होतो.

दर्यासारंग

कालरेषा यांचा १३२५ चा मुद्दा पटला. पुढच्या भागासाठी माझं म्हणणं असं की प्रदेशाला एकगठ्ठा तासिका देऊ नका, तो सत्रात किमान तीनदा परत येईल असं बघा. आफ्रिकेला सलग ६ तासिका देऊन सोडून दिलं तर परीक्षेपर्यंत काही शिल्लक राहत नाही. त्याच ६ तासिका तीन वेगवेगळ्या आठवड्यांत दोन-दोन दिल्या तर आधीचं आठवतं आणि बदलही दिसतो.

प्रदेश असे परत आणायला एखादी वस्तू धरून चालणं सगळ्यांत सोपं. दोन वस्तू पुरतात: सोळाव्या-सतराव्या शतकासाठी चांदी, एकोणिसाव्यासाठी कापूस.

चांदीला दोन तासिका. वर्गाचे पाच गट करा: पोतोसी (आजच्या बोलिव्हियात), वांकावेलिका (पेरूत), मनिला, चीनचा दक्षिण किनारा आणि सुरत. प्रत्येक गटाला एका पानाची झेरॉक्स द्या, जास्त नको. पोतोसीत १५४५ ला चांदी सापडली, शहर ४,००० मीटरच्या आसपास उंचीवर. खाणीला मजूर मिळावेत म्हणून १५७० च्या दशकात मिता ही पाळीने सक्तीची मजुरी करून घेण्याची पद्धत लादली गेली. खनिजातून चांदी सोडवायला लागणारा पारा वांकावेलिकातून यायचा, आणि तिथले खाणकामगार पाऱ्याच्या विषाने मरत. स्पॅनिशांनी मनिला १५७१ ला आपलं ठाणं केलं. मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून चांदी भरून येणारी गलबतं १८१५ पर्यंत त्या वाटेने फिरत होती. चीनमध्ये मिंग दरबाराने वेगवेगळे कर एकत्र करून चांदीत घ्यायला सुरुवात केली होती. सुरतेच्या टांकसाळीत स्पॅनिश रियाल वितळवून मुघल रुपये पाडले जात. पहिल्या तासिकेत गट आपापलं पान वाचून दुसऱ्या गटाला दोनच प्रश्न विचारतो: तुमच्याकडे चांदी का येते, आणि ती आल्यावर कुणाचं काय बदलतं? दुसऱ्या तासिकेत भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावत साखळी जोडायची.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. मुलं लिहितात, ‘स्पेनने चांदी चीनला पाठवली.’ म्हणजे पुन्हा कर्ता स्पेनच! ती चूक टाळायला एक आकडा फळ्यावर पाहिजे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक भार सोन्याला चीनमध्ये साधारण ६ भार चांदी पडायची, युरोपात १२ च्या आसपास. म्हणजे चांदीला चीनमध्ये जवळपास दुप्पट मोल होतं. चांदी पाठवली जात नव्हती, खेचली जात होती, आणि ती खेचणारं बळ चीनच्या करपद्धतीत आणि बाजारात होतं. एवढं समजलं की ‘युरोपने जग जोडलं’ हे वाक्य मुलं स्वतःच दुरुस्त करतात.

त्याच सुमाराला मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) घ्या, एक तासिका. पोर्तुगीजांनी १५११ ला जिंकण्याआधी तिथे चार शाहबंदर (बंदरावरचे अधिकारी) होते: एक गुजरात्यांसाठी, एक चोळमंडल-बंगाल-पेगू (ब्रह्मदेश) इकडच्या व्यापाऱ्यांसाठी, एक जावा आणि मसाल्यांच्या बेटांसाठी, एक चीन आणि त्या बाजूच्या लोकांसाठी. चारांतला एक नुसत्या गुजरात्यांपुरता, यावरून त्या व्यापाराचं आकारमान कळतं. चार शाहबंदरांचा तक्ता आधी, मलाक्का जिंकणाऱ्या अल्बुकर्कचं नाव नंतर. क्रम उलटा झाला की धडा पुन्हा पोर्तुगीजांचा होऊन बसतो.

कापसासाठी १८६१ ते १८६५ हीच वर्षं धरा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि मागणी वऱ्हाड-खानदेशावर आणि नाईलच्या खोऱ्यावर येऊन पडली. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेच्या (समुद्रात भर घालणाऱ्या कंपनीच्या) शेअरांचे भाव गगनाला भिडले आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. इजिप्तमध्ये खेदिव (तिथला शासक) इस्माईलने त्याच तेजीच्या भरवशावर कर्जं काढली. पुढचं १८७५ हे वर्ष मुलांना मुद्दाम दाखवा. मे महिन्यात सुप्यापासून दख्खनचे दंगे (सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे) सुरू होतात आणि नोव्हेंबरमध्ये इस्माईल सुवेझ कालव्यातले शेअर ब्रिटनला विकतो. १८७६ ला इजिप्त दिवाळखोर, १८८२ ला ब्रिटिश सैन्य आत. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणारा पुणे जिल्ह्यातला कुणबी आणि कर्जरोख्यावर सही करणारा खेदिव एकाच मंदीत सापडलेले होते. दंग्यांची कारणं मात्र एकट्या कापसावर ढकलू नका. वाढवलेला सारा आणि आटलेली पत हीही सांगावी लागतात.

डोंगरवाट

दर्यासारंग यांची चांदीची तासिका चांगली आहे, पण फक्त जोडण्यांवर इतिहास उभा केला तर एक नवा असमतोल तयार होतो. जे प्रदेश समुद्रव्यापारात होते तेच दिसतात. अँडीजचे डोंगर, ग्रेट झिंबाब्वेचं पठार, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक बेटं ही सगळी ‘कुणीतरी येईपर्यंत’ वाट बघत बसलेली वाटतात. आणि जोडण्या म्हटलं की बंदरं, व्यापारी, राजे. आतल्या गावातला शेतकरी येतच नाही.

म्हणून तीन ठिकाणी मुक्काम करा, प्रत्येकी दोन तासिका. तिथे बाहेरच्या जगाशी काय संबंध होता हे आधी विचारायचं नाही, समाज आतून कसा चालत होता ते बघायचं.

पहिला मुक्काम अँडीज. एकाच कुटुंबगटाची शेतं वेगवेगळ्या उंचीवर: खाली मका, वर बटाटा, त्याहून वर लामांची कुरणं. बटाटा रात्रीच्या हिवात गोठवायचा, दिवसा तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचा. त्याला चुन्यो म्हणतात, तो वर्षानुवर्षं टिकतो आणि सरकारी कोठारांत भरून ठेवला जाई. मिता ही मूळची इंकांची पद्धत. लोक पाळीने राज्याचं काम करत आणि त्या काळात राज्य त्यांना जेवू घाली. स्पॅनिशांनी नाव तेच ठेवलं, जेवू घालण्याची बाजू काढून टाकली आणि माणसं खाणीत लोटली. हे माहीत नसेल तर चांदीच्या तासिकेतला मिता हा शब्द नुसता पाठ होतो. त्यामुळे अँडीजचा मुक्काम चांदीच्या आधीच आला पाहिजे.

याच मुक्कामात किपू, म्हणजे दोऱ्यांच्या गाठींतली इंकांची नोंद, करायला लावा, २० मिनिटं पुरतात. प्रत्येक जोडीला एक आडवी दोरी आणि तिला बांधायला हातभर लांबीच्या तीन सुती दोऱ्या. संख्या ३२५ घ्या. आडव्या दोरीजवळ तीन साध्या गाठी म्हणजे शतक. थोडी जागा सोडून मध्ये दोन साध्या गाठी म्हणजे दशक. खालच्या टोकाला पाच वेढ्यांची एक लांब गाठ म्हणजे एकक. एककाच्या जागी १ असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारतात, कारण एका वेढ्याची लांब गाठ साध्या गाठीसारखीच दिसली असती. शून्य म्हणजे मोकळी जागा. मुलं बहुतेक वेळा मधली जागा पुरेशी सोडत नाहीत आणि मग ३२ आहे की ३०२ हे वाचता येत नाही. ती चूक होऊ द्या, स्थानमूल्य म्हणजे काय ते त्यातूनच समजतं. ‘लिपी नाही म्हणजे राज्यकारभार नाही’ हा समज यानंतर टिकत नाही.

दुसरा मुक्काम ग्रेट झिंबाब्वे. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांची भिंत, काही ठिकाणी ११ मीटर उंच. तिथे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत, किल्वाचं एक नाणंही. पण दुसरी तासिका त्या वास्तूच्या इतिहासलेखनाला द्या. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती फिनिशियनांनी किंवा आणखी कुणी बाहेरच्यांनी बांधली असं ठरवून टाकलं होतं. १९०५ आणि १९२९ च्या उत्खननांनी ती स्थानिक आफ्रिकी लोकांचीच असल्याचं दाखवलं, तरी ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचं वसाहतकाळातलं नाव) सरकारला ते पुढची कित्येक वर्षं पचलं नाही. १९८० ला स्वतंत्र झालेल्या देशाने नाव घेतलं ते याच दगडांचं.

तिसरा मुक्काम इथिओपिया, आणि इथे आपल्याकडचा खराखुरा धागा आहे. मलिक अंबर. जन्म १५४८ च्या सुमाराचा इथिओपियातला, मृत्यू १६२६ ला दख्खनमध्ये. भातवडीची लढाई आणि खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) शहर मुलांना माहीत असतं. पण धडा तिथेच थांबला तर आफ्रिका म्हणजे ‘तिथून आपल्याकडे माणसं आली’ एवढंच उरतं. उलट दिशेने जा: त्या काळात तिथे माणसं पकडून विकली का जात होती? १५२९ ते १५४३ या काळात शेजारच्या अदल या मुस्लिम राज्याचा इमाम अहमद आणि इथिओपियाचं ख्रिस्ती राज्य यांच्यात युद्ध पेटलं होतं, एका बाजूला उस्मानी (ऑटोमन) बंदूकधारी आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज. त्या युद्धाने विस्कटलेल्या मुलखात अंबरचं बालपण गेलं.

मराठीतल्या शब्दांवरून अमेरिकेत शिरणंही सोपं आहे. बटाटा, अननस, काजू हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांमार्फत तिकडून आलेले, आणि त्यातला बटाटा तर कॅरिबियनमध्ये रताळ्यासाठी होता. फक्त अमेरिका म्हणजे आपलं कोठीघर असं व्हायला नको. म्हणून मक्याचं उदाहरण जोडा. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळत. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि जिथे गरिबांचं पोट मक्यावरच भरत होतं त्या स्पेन आणि उत्तर इटलीत अठराव्या शतकात पेलाग्रा हा रोग पसरला. चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. बियाणं गेलं, ज्ञान मागे राहिलं. ज्यांना अडाणी ठरवलं त्यांचं स्वयंपाकघर युरोपच्या पुढे होतं.

नकाशा आणि गुण

आखणी कितीही चांगली असली तरी प्रश्नपत्रिका बदलली नाही तर सगळं वाया जातं. मुलं गुणांच्या मागे जातात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका काढून प्रदेशवार गुण मोजा. साधारण असं दिसतं: दीर्घोत्तरी प्रश्न फ्रेंच राज्यक्रांती आणि महायुद्धांवर, आणि ‘टिपा लिहा’मध्ये मनसा मुसा, झेंग ह, मेजी पुनःस्थापना, तेही पर्यायांसह. म्हणजे युरोप न वाचता उत्तीर्ण होता येत नाही, बाकीचं जग गाळून मात्र होता येतं.

१०० गुणांची रचना अशी करता येईल: ४० गुणांचे दोन तुलनात्मक प्रश्न, ३० गुण न पाहिलेल्या उताऱ्यावर, १५ नकाशावर, १५ लघुत्तरांना. तुलनात्मक प्रश्नात दोन प्रदेश सक्तीचे आणि त्यातला किमान एक युरोपबाहेरचा. ‘१८६० च्या दशकातल्या कापूसटंचाईचे इजिप्त आणि मुंबई इलाख्यावर झालेले परिणाम तपासा’ हा चांगला प्रश्न. ‘आफ्रिकेतील साम्राज्यांची माहिती लिहा’ हा वाईट, कारण त्याचं उत्तर गाइडमधून पाठ करता येतं आणि त्यात विचार लागत नाही.

उताऱ्यासाठी इटली आणि इथिओपिया यांच्यातला वुचालेचा तह घ्या, २ मे १८८९. कलम १७ च्या इटालियन मजकुरानुसार इथिओपियाचा परराष्ट्रव्यवहार इटलीमार्फतच व्हायला हवा होता. अम्हारिक (इथिओपियाच्या भाषेतल्या) मजकुरानुसार सम्राटाला हवं तर इटलीची मदत घेता येत होती. दोन्ही वाक्यं मराठीत शेजारी-शेजारी छापा, ‘करावा लागेल’ आणि ‘करता येईल’. फरक तेवढाच, पण त्यावरून १ मार्च १८९६ ला अडवाची लढाई झाली आणि इथिओपियाचा सम्राट मेनेलिकने इटलीचा पराभव केला. ६ गुण मजकुरातला फरक नेमका सांगण्याला, ६ त्या फरकाचा फायदा कुणाला हे सांगण्याला, उरलेले संदर्भाला. बर्लिन परिषद (१८८४-८५) शिकवताना टेबलाशी एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता हे सांगतोच आपण. अडवा सोबत असेल तर आफ्रिकेने काय केलं हेही सांगून होतं.

भिंतीवरचा नकाशा तपासा. मर्केटरचा असेल तर त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलँड सुमारे २१.७ लाख, म्हणजे जवळपास १४ पट फरक. समक्षेत्र प्रक्षेपणाचा (क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारा) नकाशा लावा आणि त्यावरूनच भारताचा आकार पुठ्ठ्यावर कापून आफ्रिकेवर ठेवून दाखवा. क्षेत्रफळाने नऊ भारत मावतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि परिणाम वर्षभर टिकतो.

आता भाषा, हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत कर्ता लपवायची सोय फार आहे. ‘आफ्रिकेची फाळणी झाली’, ‘गुलामांचा व्यापार चालत असे’, ‘वसाहती स्थापन झाल्या’. कुणी केली, कुणी चालवला, कुणी स्थापल्या? कालरेषा यांनी कर्त्याखाली रेघ मारायला सांगितलं, पण अशा वाक्यांत रेघ मारायला कर्ताच नसतो. टिपणं छापायला देण्याआधी अशी वाक्यं शोधून कर्तरी करा. काही शब्दही बदलायला हवेत. ‘अमेरिकेचा शोध लागला’ याऐवजी ‘कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला’. ‘गुलाम नेले’ याऐवजी ‘माणसं पकडून, गुलाम करून नेली’. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा किंवा असांते यांना ‘टोळी’ म्हणू नका. राजधानी, दरबार, करव्यवस्था असलेल्या समाजाला युरोपात आपण राज्यच म्हणतो. ‘मध्यपूर्व’ ही लंडनहून दिसणारी दिशा आहे, आपल्याला ‘पश्चिम आशिया’ सरळ पडतं.

पाटीपुस्तक

सगळ्यांचे आभार. कर्त्याखाली रेघ मारून मोजलं. आफ्रिकेची एकच तासिका उरली, अमेरिका खंडाच्या दोन. आता दोन अडचणी. युरोपच्या ३४ तासिकांतलं काय कापायचं? आणि ‘हे लोकसेवा आयोगाला येतं का’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

कालरेषा

दुसऱ्याचं उत्तर आधी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरला जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून आहे, आणि औद्योगिक क्रांती, महायुद्धं, सीमांची फेरआखणी, वसाहतवाद, निर्वसाहतीकरण, विचारसरणी हे त्यातले विषय. यातला कुठलाही एकट्या युरोपचा नाही. कापूस, अडवा, हैती (कॅरिबियनमधली फ्रेंच वसाहत, जिथे गुलामांनी क्रांती केली) हे सगळं त्यातच बसतं, आणि उत्तरात असं उदाहरण आलं तर ते वजनदार होतं.

आता कात्री. इटली आणि जर्मनीच्या एकीकरणाला बहुतेक आखण्यांत ६-७ तासिका जातात. त्यांच्या ३ करा आणि घटकाचं नाव ठेवा ‘१८६० च्या दशकातली राज्यबांधणी’. इटली १८६१, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१-६५, रशियातल्या भूदासांची मुक्ती १८६१, मेक्सिकोत फ्रेंचांना हुसकावणारा हुआरेझ १८६७, जपानची मेजी पुनःस्थापना १८६८, जर्मनी १८७१. रेल्वे, सक्तीची लष्करभरती आणि केंद्रीय कर या तीन मुद्द्यांवर त्यांची तुलना करा. बिस्मार्कच्या करारांची यादी सोडून द्या. नेपोलियनच्या मोहिमा एका तासिकेत बसवा.

प्रबोधन, फ्रेंच राज्यक्रांती, पहिल्या महायुद्धाची कारणं आणि ज्यूंचा वंशसंहार यांना हात लावू नका. तोल साधायचा म्हणजे युरोप पुसायचा नाही. आणि ‘युरोप’ म्हणून आपण जे शिकवतो ते इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी एवढंच असतं हेही बघा. १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीन लचके तोडून नकाशावरून नाहीसा केलेला पोलंड कुठल्याच तासिकेत सापडत नाही.

क्रांत्यांच्या ८ तासिकांत हैतीला २ द्या आणि फ्रान्सच्या लगेच नंतर ठेवा. १७९१ ला उठाव, १७९४ ला फ्रेंच कन्व्हेन्शनने (क्रांतिकाळातल्या संसदेने) गुलामी रद्द केली, १८०२ ला नेपोलियनने ती परत आणायला सैन्य लावलं, १ जानेवारी १८०४ ला हैतीचा नेता देसालिनने स्वातंत्र्य जाहीर केलं. माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा कुणाकुणाला लागू होता, हा प्रश्न पॅरिसपेक्षा तिथे जास्त धारदार होतो. शेवटची दहा मिनिटं १८२५ साठी राखून ठेवा. मान्यता देण्याच्या बदल्यात फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. १८३८ ला ती ९ कोटींवर आली. स्वतःला सोडवून घेतलेल्या लोकांनी आपल्या जुन्या मालकांना पैसे मोजले, पिढ्यानपिढ्या.

एकूण हिशेब असा: १३२५ ची फेरी ८, समुद्र, चांदी आणि अँडीज-झिंबाब्वे-इथिओपियाचे मुक्काम १२, उस्मानी, सफावी (इराण), मुघल, चिंग (चीन) आणि रशिया ही जमिनीवर पसरलेली साम्राज्यं ६, १७७६ ते १८२५ च्या क्रांत्या ८, कारखाने आणि कापूस ८, १८६० चं दशक ३, १८७० ते १९१४ चा वसाहतवाद ५, दोन महायुद्धं आणि मधला काळ ७, निर्वसाहतीकरण ३.

दर्यासारंग

महायुद्धांच्या ७ तासिकांत पहिल्या युद्धाचा नकाशा फ्रान्सपुरता ठेवू नका. इराकमधल्या कुतचा वेढा डिसेंबर १९१५ ला सुरू होऊन २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला, आणि वेढ्यातली फौज मुख्यतः भारतीय होती. पूर्व आफ्रिकेतला जर्मन सेनापती शरण आला तो २५ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे युरोपातल्या युद्धविरामानंतर दोन आठवड्यांनी. ही तारीख सांगून ‘युद्ध कधी संपलं’ असा प्रश्न टाका.

नकाशा आणि गुण

कालरेषा यांच्या हिशेबात एक धोका दिसतो. सत्र कधीच ६० तासिका पुरं होत नाही. सुट्ट्या, कार्यक्रम, अंतर्गत परीक्षा यांत पाच-सहा जातात, आणि कात्री लागते ती शेवटच्या घटकाला. म्हणजे निर्वसाहतीकरण जातं, आणि आशिया-आफ्रिका स्वतः कर्ते झाले तो काळच शिकवायचा राहतो. त्यामुळे काय सोडायचं ते आत्ताच लिहून ठेवा: जमिनीवरच्या साम्राज्यांतल्या २, कारखान्यांतल्या २, महायुद्धांतली १. आठव्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे ३२ तासिका झाल्यावर, क्रांत्यांचा घटक निम्म्याच्या पुढे गेलेला नसेल तर कारखान्यांतल्या दोन तिथल्या तिथे काढून टाका. निर्वसाहतीकरणाच्या तीन तासिकांच्या तारखा वेळापत्रकात आधीच पक्क्या करा: एक बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेसाठी, १८ ते २४ एप्रिल १९५५, २९ देश, एक १९६० साठी, ज्या एका वर्षात १७ आफ्रिकी देश स्वतंत्र झाले, आणि एक वर्गात लावलेल्या त्या आठ ओळींच्या कागदासाठी, प्रत्येक ओळीपुढे १९६० चा रकाना मुलांनी स्वतः भरायचा.